शिवेपलीकडचे रुआबांधा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रुआबांधा येथे भरलेल्या स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने मंडळाचा गौरव करावा, असा रिवाज आहे. आणि तो गौरव सर्वस्वी योग्यही आहे. पन्नास वर्षे परप्रांतात गणपती बसवणे, कोजागरीचे दूध आटवणे, संक्रांतीचे हळदीकुंकू करणे आणि कारखान्याच्या पाळ्या सांभाळून नाटकाच्या तालमी करणे ही सोपी गोष्ट नव्हे. परंतु तो गौरव आमच्याहून अधिक अधिकारी मंडळी करतीलच. आम्ही आज एका गावाविषयी बोलणार आहोत. ते गाव आपल्या सर्वांच्या पत्त्यात आहे आणि बहुधा त्यामुळेच आपल्या नजरेतून सुटले आहे.

आमच्या पिढीतील कलाशाखेच्या पदवीधरांची एक गंमत आहे. बी. ए. च्या वर्गात इंग्रजी वाङ्मय शिकता शिकता एक इंग्लिश खेडे आम्हांस पाठ झाले होते. मध्यभागी चर्च, त्याचा उंच मनोरा आणि भोवतालची दफनभूमी. समोर सर्वांच्या मालकीचे हिरवे कुरण, त्याच्या कडेला तळे. जवळच लोहाराचा भाता आणि वाटसरूंची खानावळ. ऑलिव्हर गोल्डस्मिथ याने १७७० साली अशाच एका उजाड झालेल्या खेड्यावर दीर्घ काव्य लिहिले. धनिकांच्या विलासापायी शेतकरी देशोधडीला लागतात, हे त्याचे दुःख. पुढे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने हजारो कायदे करून गावोगावच्या सामायिक जमिनींना कुंपणे घातली. परीक्षेसाठी आम्ही हे सारे लिहिले, गुणही मिळवले. परंतु आमच्या क्वार्टरच्या मागील रस्ता ओलांडला की जे खेडे होते, त्याचा एकही दगड आम्हांस ठाऊक नव्हता.

त्या इंग्लिश खेड्यातील एक प्रथा मात्र आम्हांस फार भावली. नकाशे नव्हते त्या काळी पॅरिशची, म्हणजे चर्चच्या गावाची, शीव लक्षात कशी ठेवावी? तर ईस्टरनंतरच्या ठरावीक दिवसांत धर्मोपदेशक, गावची वडीलधारी मंडळी आणि मुले अशी सारी शिवेवरून फिरत. प्रत्येक खुणेपाशी, मग तो दगड असो वा जुना ओक वृक्ष, थांबत आणि मुले हातातील छड्यांनी त्या खुणेवर प्रहार करीत. कोठे कोठे तर मुलांनाच त्या दगडावर हलकेच आपटीत, म्हणजे म्हातारपणी साक्ष देण्याची वेळ आली तर जागा विसरली जाऊ नये! पुढे नकाशे आले, मोजणी आली, तरी काही गावांनी ही शिवफेरी हौसेने चालू ठेवली. गाव म्हणजे घरांचा समूह नव्हे. या खुणा कोणी तरी कोणाला तरी दाखवत राहावे लागते, तेव्हा गाव राहते.

आता आमची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी उतईच्या वाटेवरील एका खेड्यात कामानिमित्त गेलो होतो. तेथील तलावाच्या मधोमध पाण्यातून वर आलेला एक लाकडी खांब दिसला. पाण्याची पातळी मोजण्यासाठी असावा, असे आमच्या सरकारी डोक्यास वाटले. काठावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ हसले. म्हणाले, तलावाचे लग्न लागले आहे, त्याचा तो खांब. या भागात तलाव खोदला की विधिपूर्वक त्याचे लग्न लावीत, मग त्याचे पाणी गावाने वापरावयाचे. बोलता बोलता त्यांनी विचारले, ‘‘आपण कुठले?’’ आम्ही म्हणालो, ‘‘रुआबांध्याचे.’’ त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, ‘‘गावातले, की सेक्टरातले?’’

श्रोतेहो, हा प्रश्न साधा आहे. परंतु त्यात साठसत्तर वर्षांचा इतिहास आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. तेव्हा हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर! ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि देशभरातून आलेले हात यांतून ही नगरी उभी राहिली. त्या हातांत आपल्या वडीलधाऱ्यांचे हातही होते, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण कारखाना आणि वसाहत ज्या जमिनीवर उभी राहिली, ती मोकळी नव्हती. तेथे गावे होती, शेते होती.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९० च्या दशकापासून येथील कामगार आणि आसपासची गावे यांचा अभ्यास केला. ‘क्लासेस ऑफ लेबर’ हा त्यांचा ग्रंथ २०२० साली प्रसिद्ध झाला. आरंभीच्या काळात कारखान्याला नरबळी लागतात अशी अफवा गावांतून कशी पसरली होती आणि त्या भयाने किती जण नोकरीपासून दूर राहिले, हे त्यांनी नोंदवले आहे. आम्हांस यात बोचते ते एवढेच, की ज्या देशाचे खेडे आम्ही पाठ केले, त्या देशातून एक विद्वान येतो आणि आमच्या शेजाऱ्याच्या ओसरीवर वर्षानुवर्षे बसतो. आम्ही मात्र रस्ता ओलांडीत नाही.

तर हे छत्तीसगढी गाव असते तरी कसे? मराठी वाचकांस १९१५ साली प्रसिद्ध झालेला त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ परिचित आहे. त्यातील पांढरी आणि काळी, पाटील आणि बलुतेदार यांची सारी व्यवस्था येथे वेगळ्या नावांनी भेटते. आपला पाटील तो येथील गौंटिया. आपले बलुतेदार ते येथील पौनी-पसारी: गुरे राखणारा राऊत, लोहार, न्हावी, धोबी. गावाचे पूजाविधी करणारा तो बैगा आणि दवंडी पिटणारा तो कोतवार. आपण काळी जमीन म्हणतो, तिला येथे कन्हार म्हणतात. पिवळसर ती मटासी, मधली ती डोरसा आणि मुरमाड ती भाठा. जुन्या काळी येथे ‘लाखाबाटा’ नावाची पद्धत होती. ठरावीक वर्षांनी गावची जमीन पुन्हा वाटीत आणि चांगल्या-वाईट अशा प्रत्येक प्रतीच्या मातीचा वाटा प्रत्येक कुणब्याला मिळे. इंग्रजांच्या देशात सामायिक रानांना कुंपणे पडत होती, त्या काळात या मातीत हा न्याय चालत होता!

आता गावच्या खुणा पाहू. पहिली खूण तलाव. ‘रुआबांधा’ या नावातील ‘बांधा’ हा शब्द मराठी कानाला परका नाही. बांध घालून अडवलेले पाणी, असाच त्याचा भाव आहे. मोठ्या गावाची थोरवी सांगताना येथे ‘छै आगर छै कोरी’ तलाव, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, एकशे सव्वीस तलाव, असे म्हणण्याची पद्धत आहे. दुसरी खूण शीतलेचे ठाणे, बहुधा कडुलिंबाखाली. तिसरी ठाकुरदेव. अक्षय्यतृतीयेला, म्हणजे येथल्या ‘अक्ती’ला, शेतकरी पळसाच्या पानांच्या द्रोणात भाताचे बी घेऊन ठाकुरदेवाकडे जातात आणि मगच पेरणीचे वर्ष सुरू होते. चौथी दैहान, गावची गुरे सकाळी एकत्र जमतात ते मैदान. तेथे गुरांचा रक्षक साहडादेव. पाचवी गौराचौरा, दिवाळीच्या रात्री जेथे गौरा-गौरींच्या मातीच्या मूर्ती बसवून शिवपार्वतीचे लग्न लावतात तो ओटा. सहावी सतनामी बांधवांचा जैतखाम, शुभ्र निशाण मिरवणारा शुभ्र स्तंभ. १८ डिसेंबरला, गुरू घासीदासांच्या जयंतीस, तेथे गाव लोटते. आणि या सर्वांच्या मध्ये गुडी, जेथे बसून गाव आपले निवाडे करी. चर्च, कुरण आणि तळे यांहून यात उणे ते काय आहे?

आणखी एक नवल पाहा. आपली आणि त्यांची पंचांगे महिन्यांची नावे वेगळी सांगतात, कारण येथे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. परंतु आकाशातला चंद्र एकच आहे. आपल्या घरी आषाढ अमावास्येला दिवे उजळून पुजतात, त्याच दिवशी यांची ‘हरेली’. औते आणि अवजारे धुऊन पुजली जातात, मुले बांबूच्या गेडीवर चढतात, राऊत दाराला कडुलिंबाची डहाळी खोचतो आणि लोहार चौकटीत लोखंडी खिळा ठोकतो. लाखो टन पोलाद ओतणाऱ्या या नगरीच्या कुशीत एक लोहार अजूनही एका खिळ्याने घराचे रक्षण करतो, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. आपला पोळा तो यांचा ‘पोरा’, दिवस तोच. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवतात, येथे मातीचे नांदिया बैल. पौषी पौर्णिमेस ‘छेरछेरा’: नवे धान्य कोठारात आलेले असते आणि मुले दारोदार जाऊन ते मागतात. त्या दिवशी मागण्यात कमीपणा नाही आणि देण्यात मोठेपणा नाही.

आणि हरितालिका ती यांची ‘तीजा’. या तीजाविषयी आम्हांस थोडे अधिक बोलावयाचे आहे. कारण येथे आमच्या घरचा एक सल आहे.

आमच्या बालपणी आमच्या क्वार्टरमध्ये शेजारच्या वस्तीतून एक बाई कामाला येत. आई त्यांना नावाने हाक मारी. आम्हां मुलांनी मात्र ‘मावशी’ म्हणावे, असा तिचा दंडक होता. दरवर्षी पोळ्यानंतर मावशी चार दिवस रजा मागत. आई एकदा कुरकुरली, ‘‘अगं, तुझे केस पिकले, नातवंडे झाली, आता कसले माहेर?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘भाऊ न्यायला येतो, दाई. तीजाला माहेरी नाही गेले तर भाऊ मेला असे समजतील लोक.’’ आदल्या रात्री माहेरवाशिणी घरोघर जाऊन कारल्याची भाजी आणि भात खातात, दुसऱ्या दिवशी निर्जळी उपवास करतात आणि भावाने दिलेले लुगडे नेसून तो सोडतात, हे सारे त्यांनी आईला सांगितले. आई गप्प झाली. तिचे माहेर वऱ्हाडात; रेल्वेचे एका रात्रीचे अंतर. परंतु बिऱ्हाडाच्या रगाड्यात ती कित्येक वर्षे हरितालिकेला माहेरी गेली नव्हती, आणि न्यायला येणारा भाऊही आता राहिला नव्हता. त्या वर्षी मावशी परतल्या त्या ठेठरी आणि खुरमी घेऊन. ठेठरी म्हणजे आपल्या कडबोळ्याची बेसनाची बहीण, आणि खुरमी म्हणजे गुळाचे शंकरपाळे. ‘‘माहेरचे आहे,’’ म्हणून त्यांनी पुडी आईच्या हातावर ठेवली. पुढे प्रतिवर्षी तीजाची ती पुडी आमच्या घरी येत राहिली, आणि आईची पुरणपोळी मावशींच्या घरी जात राहिली.

पुढे आम्ही नोकरीनिमित्त गावोगाव हिंडलो. परतलो तेव्हा मावशी थकून घरी बसल्या होत्या. ‘एकदा जाऊन येऊ’ असे आई म्हणे आणि आम्ही ‘रविवारी जाऊ’ म्हणत असू. असे बरेच रविवार गेले. अखेर एका संध्याकाळी आईला घेऊन वस्तीत गेलो. सेक्टरात घर शोधणे सोपे असते. स्ट्रीट आणि क्वार्टरचा क्रमांक माहीत असला की झाले. येथे एका मुलाला मावशींचे घर विचारले तेव्हा तो चटकन म्हणाला, ‘‘पाळीवरून जा, शीतलेच्या लिंबाकडे वळा, गौराचौऱ्याच्या मागचे तिसरे घर.’’ मंडळी, त्या वाक्यातील एकही खूण आम्हांस ओळखता आली नाही. पाळ कोणती, शीतला कोठे, गौराचौरा म्हणजे काय! अर्धा तास आम्ही त्या अरुंद गल्ल्यांतून फिरत होतो. घर सापडले तेव्हा कळले, की मावशी निवर्तल्या होत्या. दशगात्रही होऊन गेले होते. त्यांच्या लेकीने रीतीप्रमाणे पाण्याचा लोटा आईसमोर ठेवला, आईच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, ‘‘पहिल्यांदाच आलात.’’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते आम्हांस आजवर विसरता आले नाही. तीस वर्षे मावशी रोज शीव ओलांडून आमच्याकडे येत होत्या. आम्ही एकदाच ओलांडली, आणि तीही उशिरा.

आपण भाषणांतून नेहमी सांगतो, की आपण मराठी माणसे येथे उपरी नाही. ते खरेही आहे. बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुरातून या प्रदेशावर राज्य केले. तेथील रामटेकडीवरील राममंदिर आजही त्याची साक्ष देते. परंतु राज्य केल्याने कोणी गावकरी होत नाही. गावकरी झाले ते माधवराव सप्रे. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले आणि आपला ‘दासबोध’ व लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. गावकरी झाले ते गजानन माधव मुक्तिबोध. मातृभाषा मराठी असलेला हा हिंदीचा थोर कवी १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होता. उलट दिशेनेही पाहावे. दुर्गजवळच्या बघेरा गावी १९७१ साली ‘चंदैनी गोंदा’ उभा करून छत्तीसगढी लोककलेला नवे जीवन देणाऱ्या दाऊंचे नाव होते रामचंद्र देशमुख. आडनाव आपले वाटते, माणूस अस्सल छत्तीसगढी. आणि येथून थोड्याच अंतरावरील गनियारी गावच्या तीजनबाई, ज्यांनी पंडवानीचे महाभारत जगभर नेले आणि ज्यांना २०१९ साली पद्मविभूषण मिळाले, त्या याच आपल्या पोलाद कारखान्याच्या सेवेत होत्या. शेजार इतका समृद्ध आहे!

या मातीत ‘मितान’ नावाचे एक नाते आहे. दोन माणसे, कित्येकदा भिन्न जातींची, देवासमोर मैत्रीची शपथ घेतात आणि आयुष्यभर पाळतात. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मुली भोजलीचे कोवळे अंकुर एकमेकींच्या कानांवर खोचून असेच नाते जोडतात. मितानाला नावाने हाक मारावयाची नाही. त्याचे आईवडील ते आपले ‘फूलदाई’ आणि ‘फूलददा’. रक्ताचे नाही, सोयरिकीचे नाही, आणि तरी सुतक-सोहळ्याचे नाते! आमच्या आईचे आणि मावशींचे खरे नाते हेच होते. फक्त त्याला त्याच्या नावाने हाक मारण्याचे आमच्या घराला सुचले नाही.

म्हणून मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. दसऱ्याला आपण या सभागृहात आपट्याची पाने वाटून सीमोल्लंघन केल्याचे समाधान मानतो. येथील लोकही त्या दिवशी ‘सोनपत्ती’ देतात-घेतात, हे आपणांपैकी कित्येकांना ठाऊक असेल. येत्या दसऱ्यापासून आपण खरोखरीच शीव ओलांडावी. त्याआधी पोळ्याच्या दिवशी मंडळाच्या चार-पाच ज्येष्ठांनी वस्तीतील बैगांना, कोतवारांना आणि वृद्ध मायबाईंना भेटून विनंती करावी, की आमच्या मुलांना गावच्या खुणा दाखवा. मग दसऱ्याच्या दुपारी आपली मुले आणि वस्तीतील मुले मिळून, वडीलधाऱ्यांच्या मागोमाग, शिवफेरी करतील. प्रत्येक खुणेपाशी थांबावे. तिचे छत्तीसगढी नाव, तिची देखभाल कोण करते, तिचा सण कोणता, हे मुलांनी वहीत लिहावे. त्यावरून एक नकाशा तयार करावा. त्याची एक प्रत मंडळाच्या भिंतीवर लागावी आणि दुसरी वस्तीतील शाळेत. छड्यांची गरज नाही. परंतु इंग्लिश खेड्यातील त्या मुलांप्रमाणे आपल्या मुलांच्याही स्मरणात जागा पक्की व्हावी.

एक पथ्य मात्र पाळावे. वह्या-दप्तरे वाटण्यासाठी, सत्कार करण्यासाठी किंवा छायाचित्रांसाठी आपण जावयाचे नाही. पाहुणे म्हणून जावयाचे, समोर आलेल्या लोट्यातील पाणी प्यावयाचे आणि ऐकावयाचे.

कोणी म्हणतील, आता ते गाव राहिले आहे कोठे? गावाचे वार्ड झाले, शेतांवर वसाहती आल्या, तरुण मुलांनाच या खुणा नकोशा झाल्या आहेत. आक्षेप खोटा नाही. परंतु इंग्लंडातही चर्चे ओस पडतात, खानावळी बंद होतात, आणि तरीही काही गावे वर्षातून एकदा शिवेवरून फिरतात. आणि आपलीच मुले तरी काय? त्यांना आजोळच्या गावची वेस ठाऊक नाही आणि इथली पाळही ठाऊक नाही. वेस दाखवणे आता आपल्या हाती उरलेले नाही. पाळ दाखवणे अजून आहे. कारण ती दाखवू शकणारी म्हातारी माणसे अजून आहेत.

आई आता नाही. परंतु आम्ही दरवर्षी हरितालिकेनंतर वस्तीत जातो. पाळीवरून शीतलेच्या लिंबाकडे वळतो. गौराचौऱ्याच्या मागचे तिसरे घर आता विचारावे लागत नाही. पुन्हा कोणी विचारलेच, की गावातले की सेक्टरातले, तर उत्तर अजून ‘सेक्टरातले’ असेच द्यावे लागेल. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत जन्मणाऱ्या मुलांना मात्र ‘दोन्हीकडचे’ असे उत्तर देता यावे, एवढीच शुभेच्छा देऊन आम्ही आपली रजा घेतो.

जय महाराष्ट्र. जय जोहार.